आमच्या घरची सरमा

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत सरमा नांवाच्या कुत्रीचें एक संवादसूक्त आहे. पणींनीं गाई पळवून नेऊन दूर डोंगराच्या पोटांत दडवून ठेविल्या, तेव्हां त्यांचा माग काढण्याच्या कामीं इंद्रानें हिची योजना केली. वाटेंत रसा नांवाची नदी आडवी आली. ती ओलांडून सरमा पणींच्या पुढ्यांत जाऊन उभी राहिली. पणींनीं तिला बहीण मानून ठेवून घेण्याचें आमिष दाखविलें, गाईंत वांटा देऊं केला. पण ती बधली नाहीं. ही कथा मीं वर्गांत पस्तीस वर्षें मोठ्या रसानें सांगितली. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंत व पुढें पाठशाळेंतलें. तेव्हां असल्या कथा हीच माझी शिदोरी. परंतु सेवानिवृत्त झाल्यावर तशीच एक सरमा साडेसहा हजार रुपये मोजून विकत आणावी लागेल, ती मोटारीच्या पोटांत तारांच्या जंजाळांत बसविली जाईल, आणि अखेर ती चोरावर न भुंकतां घरच्याच माणसावर भुंकेल, असें भाकीत त्या वेळीं कोणीं केलें असतें तर मीं त्यास वर्गाबाहेर उभें केलें असतें.

प्रारंभ चोरीपासून केला पाहिजे. आमचें घर कोल्हापुरांत महाद्वार रस्त्याच्या मागच्या अंगास एका जुन्या बोळांत आहे. आजोबांनीं तें बांधलें तेव्हां दारांत फार तर टांगा उभा राहील एवढाच विचार केलेला. म्हणून मोटार बाहेर, बोळाच्या तोंडाशीं पिंपळाच्या पारालगत उभी असे. २०२२ सालच्या कार्तिकांत सौभाग्यवती पहाटे अंबाबाईच्या काकड्यास निघाली, तों तिला ती जागा मोकळी दिसली. तिला वाटलें, चिरंजीव लवकर कोठें गेले असतील. चिरंजीवांना वाटलें, काकांनीं नेली असेल. माझ्या धाकट्या बंधूंना वाटलें, त्यांच्या मुलानें नेली असेल. आणि तो मुलगा तर आठ वाजेपर्यंत झोंपलेलाच होता. एकत्र कुटुंबांत वस्तु नाहींशी झाली कीं ती चोरीस गेली असें प्रथम कोणाच्याहि मनांत येत नाहीं. ती दुसऱ्या कोणीं तरी नेलेली असते. नऊ वाजतां चहाच्या दुसऱ्या फेरीस सर्वजण एकत्र आले तेव्हां खरा प्रकार उघड झाला. कोल्हापुराहून कागल म्हणजे अर्ध्या तासाची वाट. कागल मागें टाकून दुधगंगा ओलांडली कीं कर्नाटकाची हद्द लागते, आणि पुढें बंगळूरपर्यंत महामार्ग मोकळा. चोराला आम्हीं चांगले चार तास देऊं केले होते.

फिर्याद दिली. त्या वेळीं चोरीस भारतीय दंडविधानाचें ३७९ वें कलम लागत असे; १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं भारतीय न्याय संहितेचें ३०३ वें कलम आलें आहे. कांहीं महिन्यांनीं 'अ समरी' झाली. म्हणजे गुन्हा खरा, पण तपास लागला नाहीं, असा निर्वाळा. विम्याची रक्कम मिळविण्यास हा कागद लागतो, आणि त्याबरोबर मोटारीच्या दोन्ही किल्ल्या लागतात. दुसरी किल्ली शोधण्यांत आमचे आठ दिवस गेले. ती अखेर भावजयीच्या लाडवांच्या रिकाम्या डब्यांत सांपडली. (वाचकांनीं हें वाचून झाल्यावर आपली दुसरी किल्ली कोठें आहे तें एकदां पाहून ठेवावें.) पैसे मिळाले. परंतु मोटारीच्या मागच्या आसनावर माझ्या वडिलांची काळी घोंगडी होती. औदुंबरास, वाडीस, पंढरपुरास, जेथें म्हणून ते गेले तेथें ती त्यांच्या खांद्यावर असे, आणि ते गेल्यावर प्रवासांत ती बरोबर नेण्याची आमच्या घरीं चाल पडली होती. विम्याच्या कागदावर तिच्यासाठीं रकाना नव्हता.

२०२३ च्या दिवाळी पाडव्यास नवी मोटार आली, आणि त्याच रात्रीं जेवतांना घरांत खल सुरू झाला. बंधूंचें मत असें कीं सुकाणूच्या चाकास चांगलें लोखंडी कुलूप घालावें म्हणजे झालें. तें आम्हीं घेतलेंहि, आणि घ्यावेंच. कारण चोरास वेळ लागला पाहिजे हें सर्व बंदोबस्ताचें मूळ सूत्र आहे. पण केवळ कुलुपावर विसंबणाऱ्यानें मृच्छकटिकांतला शर्विलक आठवावा. हा भिंत फोडावयास गेला तेव्हां मापाची दोरी घरीं विसरला, आणि गळ्यांतलें जानवेंच त्यानें माप म्हणून वापरलें. आजचा शर्विलकहि त्याच कुळींतला. हल्लींच्या मोटारींत किल्लीच्या आंत एक बारीक चकती असते. ती ओळखल्याखेरीज इंजिन सुरू होत नाहीं. पण सुकाणूच्या चाकाखालीं एक खांचणी असते, ती कारागिरानें आपलें यंत्र लावून मोटारीचे आजार ओळखावेत म्हणून ठेविलेली. चोर त्याच खांचणींत आपलें यंत्र लावतो आणि जागच्या जागीं नवी किल्ली पढवून घेतो. जी वाट वैद्यासाठीं, तीच चोरासाठीं!

तेव्हां ठरलें कीं, चोरी झालीच तर मोटार कोठें आहे हें सांगणारें यंत्र घ्यावें. आतां घ्यावें म्हणजे काय घ्यावें? येथें माझ्या अज्ञानाचा आरंभ झाला. माझी समजूत अशी होती कीं आकाशांतून उपग्रह खालीं पाहत असतो आणि 'तुमची मोटार अमुक ठिकाणीं आहे' असें कळवितो. पुतण्यानें माझी ही समजूत प्रेमानें पण पुरती पुसून काढली. उपग्रह आपल्याकडे पाहत नाहीं. त्याला आपला पत्ताहि नसतो. अमेरिकेचे हे जी.पी.एस. उपग्रह सुमारें वीस हजार दोनशें किलोमीटर उंचीवरून फिरत फिरत एकच गोष्ट सारखी घोकत असतात: मी अमुक, माझी जागा ही, आणि या क्षणीं माझ्या घड्याळांत इतके वाजले. मोटारींतलें यंत्र नुसतें ऐकतें. तो शब्द पोहोंचण्यास किती वेळ लागला त्यावरून तें अंतर काढतें, आणि चार उपग्रहांचीं अंतरें जुळलीं कीं आपली जागा व नेमकी वेळ त्यास कळते. प्रकाशाचा वेग सेकंदास तीन लक्ष किलोमीटर. म्हणून घड्याळ सेकंदाच्या दहा लक्षाव्या भागानें जरी चुकलें तरी जागा तीनशें मीटरांनीं चुकणार. वर असलेलीं घड्याळें आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार येथल्यापेक्षां दिवसाकांठीं अडतीस मायक्रोसेकंद पुढें धांवतात, तेंहि गणितांत धरावें लागतें. ही विद्या मुळांत लष्कराची. १९८३ सालीं रशियानें कोरियाचें प्रवासी विमान पाडलें, तेव्हां ती सर्वांस खुली करण्याचें अमेरिकेनें जाहीर केलें. आणि सामान्य लोकांसाठीं मुद्दाम ठेविलेली अशुद्धता २००० सालच्या मे महिन्यांत काढून टाकली. आपल्या देशानेंहि २०१३ पासून स्वतःचे उपग्रह सोडले; त्या योजनेस पुढें नाविक असें सुरेख नांव मिळालें.

परंतु आपण कोठें आहों हें यंत्रास कळलें म्हणजे आपणांस कळलें असें नव्हे. पणींच्या गाई कोठें आहेत हें सरमेनें पाहिलें, तरी परत येऊन इंद्रास सांगितलें पाहिजे. हें सांगण्याचें काम मोबाईलचें सिमकार्ड करतें. खरी निवड करावयाची ती येथेंच. कारण ऐकण्याचें काम सर्वच यंत्रें बरें करतात, सांगण्यांत मात्र फरक पडतो.

आम्हीं चार दुकानें हिंडलों. पहिल्यानें दीड हजारांची डबी पुढें केली. ती जुन्या टू-जी पद्धतीची निघाली. ज्या कंपनीजवळ ती जुनी पद्धति मुळीं नाहींच, तिचें सिमकार्ड त्यांत घातलें तर तें मुकें राहणार. आणि ज्यांच्याजवळ ती आज आहे, त्यांच्याजवळहि ती किती वर्षें टिकेल कोण जाणे. म्हणून फोर-जीचें यंत्र घ्यावें हें पहिलें ठरलें. दुसऱ्या दुकानांत मघां सांगितलेल्या खांचणींत खोंचावयाचें यंत्र होतें. बसविण्यास एक मिनिट, कारागीर नको, तारा तोडणें नको. मीं विचारलें, "आणि काढण्यास?" दुकानदार प्रामाणिक होता. तो हंसला व म्हणाला, "तेवढंच."

तिसरा प्रकार चिरंजीवांच्या मनांत फार भरला होता. रुपयाहून थोडी मोठी अशी ती चकती. अ‍ॅपलनें २०२१ सालीं एअरटॅग म्हणून काढली, आणि नंतर इतरांनींहि तशा काढल्या. तिला सिमकार्ड नाहीं, महिन्याचा खर्च नाहीं, घड्याळांत घालतात तशी एक बॅटरी वर्षभर पुरते. पण तिच्या ठिकाणीं उपग्रहाचें ज्ञान मुळींच नसतें. ती केवळ हळू आवाजांत कुजबुजत असते. जवळून जाणाऱ्या परक्या माणसाच्या फोननें ती कुजबूज ऐकली तर तो फोन ती बातमी पोहोंचवितो. शाहुपुरीच्या गर्दींत हें ठीक. दाजीपूरच्या जंगलांत तिचें ऐकणार कोण? शिवाय कोणी अशी चकती दुसऱ्याच्या पिशवींत टाकून त्याचा पाठलाग करूं नये म्हणून तींत एक सोय आहे: परकी चकती आपणांबरोबर फिरते आहे असें ती जवळच्या माणसाच्या फोनास स्वतःच कळविते. म्हणजे मोटार चोरणाऱ्यासहि कळविणार. बायकामुलींच्या रक्षणासाठीं ही सोय अत्यंत योग्य आहे, आणि ती असावीच. परंतु त्यामुळें ही वस्तु चावी, पाकीट, छत्री शोधण्यापुरती. मोटारीच्या राखणीस ती दुय्यम.

चौथें यंत्र म्हणजे मोटारीच्या बॅटरीस तारांनीं जोडलेलें, आंत लपविलेलें, आणि स्वतःची लहान बॅटरी पोटांत असलेलें. चोरानें तारा तोडल्या तरी तें कांहीं तास जिवंत राहतें, आणि तारा तोडल्याची वर्दी आधीं देतें. हेंच घेतलें. किंमत साडेसहा हजार व दर वर्षीं सिमकार्डाची वर्गणी. पाणी आंत न जाणारें आहे ना, हें मीं तीनदां विचारून घेतलें. २०१९ व २०२१ या सालांचे महापूर पाहिलेल्या कोल्हापूरकरास हा प्रश्न कोणतीहि वस्तु घेतांना सुचतोच. पंचगंगेचें पाणी राजाराम बंधाऱ्यावर त्रेचाळीस फुटांवर गेलें कीं आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांतील वस्तु माळ्यावर चढूं लागतात.

पुण्याची ए.आर.ए.आय. ही संस्था वाहनांचीं मानकें ठरविते. तिचें एआयएस-१४० हें मानक अशा यंत्रांसाठींच आहे, व १ जानेवारी २०१९ पासून नोंदल्या जाणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत तसें यंत्र आणि संकटसमयीं दाबण्याचें बटन सक्तीचें झालें. घरच्या मोटारीस सक्ती नाहीं. पण दुकानांत निदान हा प्रश्न विचारल्यानें विकणाऱ्याची पारख होते. दुसरी पारख परवलीच्या शब्दाची. २०१९ सालीं अवास्ट या संस्थेच्या जाणकारांनीं शोधून काढलें कीं एका स्वस्त जातीचीं सुमारें सहा लक्ष यंत्रें एक-दोन-तीन-चार-पांच-सहा याच परवलीवर जगभर चालूं होतीं. २०२२ सालीं तर याहून भयंकर निघालें. मायकोडस नांवाच्या कंपनीच्या एका यंत्रांत असे दोष सांपडले कीं दूरचा कोणीहि परका मनुष्य मोटारीचा पाठलाग करूं शकेल व तिचें इंधनहि तोडूं शकेल. अमेरिकेच्या सरकारी खात्यास तसा इशारा काढावा लागला. राखणदार ठेवतांना त्याचीं पायताणें कोणाच्या दारांत निघतात हेंहि पाहिलें पाहिजे.

बसविण्यासाठीं उद्यमनगरांतल्या एका जुन्या कारागिराकडे गेलों. त्याचा मुलगा माझा विद्यार्थी. इंजिन दुरून बंद करण्याची एक सोय, तिला रिले म्हणतात, ती हवी असा चिरंजीवांचा आग्रह होता. कारागीर हात पुशीत म्हणाला, "मास्तर, चालत्या गाडीचं इंजिन बंद पाडायचं न्हाई. मागनं ट्रक आला तर? चोर असला म्हणून काय जीव घ्यायचा? ही तार आपण स्टार्टरला घालूया. चालती गाडी चालतीच राहील. एकदा का त्यानं किल्ली बंद केली, की परत चालू व्हायची न्हाई." मला तें फार पटलें. यंत्र कोठें लपविलें तें येथें लिहीत नाहीं.

पुतण्यानें सर्वांच्या फोनांत तें अ‍ॅप घातलें व माझ्या सांगण्यावरून यंत्राचें नांव सरमा ठेविलें. मोटारींचा सांगाडा-क्रमांक, लेसरनें कोरलेल्या पाट्या हीं सर्व ओळखीचीं चिन्हें. पाणिनीच्या काळींहि गाईंच्या कानांवर स्वस्तिक, आठाचा आंकडा, भोंक, चीर अशा खुणा करीत, व त्या खुणांवरून होणाऱ्या समासांसाठीं अष्टाध्यायींत एक सूत्रच आहे. कौटिल्यानेंहि गोशाळेच्या अध्यक्षास जनावरांचा रंग, खुणा, शिंगांतलें अंतर वहींत लिहून ठेवावयास सांगितलें आहे. पण खूण म्हणजे सांपडल्यावर ओळखण्याची सोय. सांपडविण्याची विद्या सरमेची. हें मीं घरांत इतक्या वेळां सांगितलें कीं पुढें पुढें सर्वजण तें यंत्र म्हणजे घरचें जनावरच असल्यासारखें बोलूं लागले.

आरंभीं मोठी मौज वाटली. एकदां पुतण्या मित्रांना घेऊन गगनबावड्याकडे गेला. घाटाच्या अलीकडे तो नकाशावरचा निळा ठिपका जो थांबला तो दोन तास हलेना. सौभाग्यवतीनें देव पाण्यांत घालण्याची तयारी केली. मग एकाएकीं ठिपका धांवत सुटला, आणि दोन तासांची सर्व वाट एकदम नकाशावर उमटली. डोंगरांत मोबाईलची तार जुळत नाहीं तेव्हां यंत्र सर्व पोटांत सांठवून ठेवतें व तार जुळतांच ओकून टाकतें, असें कळलें.

मोटार रोज नेत असे ती माझी थोरली सून. ती कागलजवळ एका महाविद्यालयांत शिकविते. संध्याकाळीं ठिपक्यानें गोकुळ शिरगांव ओलांडलें कीं सौभाग्यवती चहाचें आधण ठेवी, आणि सून उंबऱ्याच्या आंत पाऊल टाकतांच वाफेचा पेला तिच्या हातांत पडे. यांत वाईट तें काय? मलाहि तसेंच वाटत होतें. मग सौभाग्यवती विचारूं लागली, "आज उजळाईवाडीला वीस मिनिटें थांबली होतीस, काय झालें होतें?" सून म्हणाली, "पेट्रोल घेतलें." दुसऱ्या एका दिवशीं बंधूंनीं विचारलें, "राजारामपुरींत काय काम निघालें?" पुढें मी स्वतःच विचारूं लागलों. निवृत्त मास्तराला दुपारीं काम नसतें. पूर्वी वर्तमानपत्र दोनदां वाचीत असें, आतां ठिपका पाहूं लागलों. सून उत्तरें देई, पण हळूहळू तीं लहान होत गेलीं. पूर्वी चहा घेतां घेतां ती वर्गांतल्या गमती आपण होऊन सांगत असे. तें केव्हां थांबलें याची मला आठवणहि नाहीं.

२०२४ सालच्या माघांतला एक बुधवार. दुपारचें जेवण होऊन मी पडलों होतों. पाऊण वाजतां माझा फोन कर्कश ओरडूं लागला. पुतण्यानें नकाशावर कागलपर्यंत एक कुंपण आंखून दिलें होतें. मोटार त्यापलीकडे गेली तर वर्दी यावी अशी योजना. पाहतों तों ठिपका दुधगंगा ओलांडून कोगनोळीकडे चाललेला! सुनेचे तास चार वाजेपर्यंत असतात हें वेळापत्रक मला पाठ. तेव्हां मोटार महाविद्यालयाच्या दारांतून कोणीं तरी पळविली, यांत मला तिळमात्र शंका वाटली नाहीं. सुनेस फोन केला, वाजत राहिला. चिरंजीव शिरोलीस ओतशाळेंत कामास आहेत. तेथल्या आवाजांत फोन ऐकूं येत नाहीं. बंधु शेजारीं उभे राहून "दादा, बंद कर! बंद कर!" म्हणून ओरडत होते. डोळ्यांपुढें दुसरें कांहीं नव्हतें, वडिलांची घोंगडी तेवढी होती. मीं बटन दाबलें.

मोटार चालूच होती; कारागिराच्या तारेनें आपला शब्द पाळला. ठिपका निपाणींत शिरला, दोन वळणें घेतलीं, एका गल्लींत थांबला. मीं व बंधूंनीं एकमेकांकडे पाहिलें. आतां चोर पुढें जाऊं शकत नाहीं! मी पोलीस चौकीचा क्रमांक शोधीत होतों, इतक्यांत सुनेचाच फोन आला.

"अण्णा," ती धापा टाकीत होती, "मी निपाणीला आहें, आईकडे. बाबांना श्वास लागला आहे. त्यांना मोटारींत बसविलें, आणि मोटार सुरूच होत नाहीं."

निपाणी हें तिचें माहेर. मला तें माहीत नव्हतें असें नाहीं. ठिपका ज्या गल्लींत थांबला त्या गल्लींत तिच्या लग्नाच्या वेळीं मी स्वतः जेवलों आहें. पण चोराचा पाठलाग करणाऱ्या माझ्या डोळ्यांना ती गल्ली ओळखूं आली नाहीं.

बटन दाबून बंद करणें सोपें. परत मोकळें करावयास परवलीचा शब्द लागे, आणि तो पुतण्यास ठाऊक. चोराच्या हातीं फोन पडला तर त्यानें मोकळी करूं नये म्हणून आम्हींच घातलेली ती खबरदारी! पुतण्या सांपडून, शब्द सांगून, मीं तो दोनदां चुकवून, आज्ञा पोहोंचेपर्यंत बावीस मिनिटें गेलीं. तोंपर्यंत शेजारच्या एका सद्गृहस्थानें आपल्या जीपमधून व्याह्यांना दवाखान्यांत नेलें होतें. ईश्वरकृपेनें ते वांचले. पांच दिवस तेथें राहून घरीं आले. परंतु ती बावीस मिनिटें माझ्या आयुष्याच्या वहींत मांडलेलीं आहेत, व त्यांच्यापुढें कोणतीहि सबब मला लिहितां आलेली नाहीं.

सून तिसऱ्या दिवशीं परत आली. ती रागावली असती तर मला बरें वाटलें असतें. रात्रीं जेवणें झाल्यावर मीं तिला जवळ बोलावलें व म्हटलें, "बाई, माझी चूक झाली. पण निघतांना एक फोन कां केला नाहींस?"

ती कांहीं वेळ पदराशीं चाळा करीत बसली. मग म्हणाली, "अण्णा, आईचा फोन आला तेव्हां मी वर्गांतून तशीच निघालें. फोन मुका करून पिशवींत टाकलेला होता, तो तसाच राहिला. पण खरें सांगूं? कळवावें असें मनांतच आलें नाहीं. मी कुठें आहें, किती वेळ आहें, तें तुम्हां सर्वांना दिसतेंच. मग सांगायचें असें माझ्याजवळ उरलें काय?"

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. दर वर्षीं २६ जूनला शाहू महाराजांच्या जयंतीस शाळेंत मी भाषण करीत असें. आमच्या वडीलमाणसांच्या मनांत वेदोक्ताच्या वादापासून महाराजांविषयीं अढी होती, तें येथें लपविण्याचें कारण नाहीं. माझ्या पिढीस तिची लाज वाटली म्हणूनहि मी तें भाषण जरा आवेशानें करीत असेन. त्यांत हजेरीचा विषय हटकून येई. गुन्हेगार म्हणून सरसकट ठरविलेल्या जातींच्या माणसांना रोज चावडीवर जाऊन हजेरी द्यावी लागे. महाराजांनीं १९१८ सालीं आपल्या राज्यांत ती बंद केली. इंग्रजांचा १८७१ सालचा तो कायदा सबंध देशांतून जावयास १९५२ साल उजाडलें. "ज्यानें चोरी केलेली नाहीं त्याला रोज 'मी चोर नाहीं' असें सांगावयास लावणें म्हणजे हजेरी," असें मी मुलांना समजावीत असें. त्या लोकांनीं भोगलेल्या दुःखाशेजारीं माझ्या घरांतली गोष्ट ठेवणें अनुचित आहे, हें मला कळतें. तरी तेंच वाक्य माझ्याच आवाजांत मला पहाटेपर्यंत ऐकूं येत होतें.

सकाळीं पुतण्यास बोलावून सरमेची व्यवस्था बदलून घेतली. माझ्या, सौभाग्यवतीच्या व बंधूंच्या फोनांतून तें अ‍ॅप काढलें. तें आतां चिरंजीव व सून यांच्याजवळ आहे. कागलचें कुंपण पुसलें. वर्दी फक्त रात्रीं अकरापासून पहाटे पांचपर्यंत, मोटार पारापाशीं उभी असतांना जागची हलली तर. आणि त्या वर्दीसाठीं माझा फोन राहूं दिला आहे, कारण या वयांत रात्रीं जागा मीच असतों. बटन दाबावयाचें तें मोटार कोणाच्या ताब्यांत आहे त्याचा आवाज प्रत्यक्ष ऐकून, व मोकळें करण्याचा शब्द घरांतल्या तीन माणसांस तोंडपाठ असल्याखेरीज नव्हे. मलाहि तो आतां पाठ आहे. मोटार नेणाऱ्या प्रत्येकास, मग तो पाहुणा असो कीं भाड्यानें बोलाविलेला ड्रायव्हर, आंत सरमा आहे हें आधींच सांगतों. बंधूंना हें सर्व पटलेलें नाहीं. "मग साडेसहा हजार कशाला घातले?" असें ते अजून अधूनमधून विचारतात. त्यांना मीं लोखंडी कुलूप दाखवितों.

पाहिजे त्या कामीं सरमेचा उपयोग आतांपर्यंत एकदांच झाला. गेल्या वर्षीं रात्रीं दोन वाजतां ती ओरडली. मी काठी घेऊन, बंधु विजेरी घेऊन, पुतण्या अनवाणी, असे आम्हीं धांवत बोळाच्या तोंडाशीं गेलों. पेठेंतल्या मंडळाचीं सात-आठ पोरें मांडवाचे वांसे आंत नेण्यासाठीं मोटार उचलून बाजूस सरकवीत होतीं. त्यांतला एक माझा विद्यार्थी. "सर, तुम्ही झोपला असाल म्हणून उठवलं नाही," म्हणाला. मोटार परत जागेवर ठेवून घेतली.

सूनबाईनें एवढ्यांत पुन्हां चहाच्या वेळीं बोलावयास प्रारंभ केला आहे, पण रोज नव्हे. महाविद्यालयांतून निघतांना ती कधीं कधीं फोन करते, "अण्णा, निघतें आहें, आईंना आधण ठेवायला सांगा." कधीं करीत नाहीं. त्या दिवशीं सौभाग्यवती सहाच्या सुमारास दारांत जाऊन उभी राहते, आणि बोळांत मोटारीचा आवाज आला कीं मग आंत जाऊन स्टोव्ह पेटविते. चहा दहा मिनिटें उशिरां होतो.